ज्याच्यावाचून अडते

१

मराठी शिकवणाऱ्यांकडे तपासायला काय काय येते, याची यादी कधीतरी करायला हवी. पहिल्या प्रेमाच्या कविता येतात, लग्नपत्रिकांचे मसुदे येतात, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रे येतात, शोकसभेचे ठराव येतात. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो आणि हे सारे निमूटपणे तपासून देतो. परंतु २०१९ च्या उन्हाळ्यात जो कागद आमच्याकडे आला, तसा त्यापूर्वी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. ते कर्जाच्या अर्जासोबत जोडायचे निवेदन होते, इंग्रजीत होते, आणि अमेरिकेतून आले होते.

पाठवणारी आमची जुनी विद्यार्थिनी. एम.ए. झाल्यावर लग्न करून ती न्यू जर्सीला गेली, तिथे हिशेब लिहिण्याचे शिक्षण घेतले आणि एका छोट्या छापखान्यात नोकरीला लागली. सहा माणसांचा छापखाना. दुकानांच्या पाट्या, माहितीपत्रके, शाळांच्या स्मरणिका असली कामे. यंत्रांची सारी भिस्त एका माणसावर. रंगांचा मेळ घालणे, यंत्र बिघडले तर उघडून बसणे, कोणते काम किती वेळात होईल याचा अंदाज देणे, हे सगळे तोच करी. हा माणूस अमेरिकेच्या राखीव सैन्यात होता. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे सरावाला जायचे, एरवी आपला पोटापाण्याचा धंदा करायचा, असे त्या सेवेचे सर्वसाधारण स्वरूप. एके दिवशी त्याला प्रत्यक्ष सेवेत हजर होण्याचा आदेश आला. मालकाने सरकारी कर्जाची चौकशी केली, तेव्हा अर्जाला एक सविस्तर निवेदन जोडावे लागते असे कळले. ‘तू साहित्य शिकलेली आहेस’ असे म्हणून त्याने ते काम हिच्याकडे सोपवले. तिने आम्हाला लिहिले होते : “मॅडम, इंग्रजीचे मी बघून घेईन. मुद्दा उतरला आहे का, एवढेच सांगा.”

या प्रसंगाला आता काही वर्षे झाली. तो पुन्हा आठवला २०२५ च्या मे महिन्यात. पहलगामनंतरच्या त्या दिवसांत बातमी आली, की केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतील, अधिकारी व जवानांना पाचारण करण्याचे अधिकार दिले आहेत आणि तिच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन सेवेत घेता येणार आहेत. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती सीमेवरील परिस्थितीची, आणि ते साहजिकच होते. आम्हाला मात्र आमच्या विद्यार्थिनीचा तो कागद आठवला. आणि आमच्यापैकी एकीला तिच्या घरातली एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढे सांगूच.

२

या कर्जाचे अधिकृत नाव लांबलचक आहे : मिलिटरी रिझर्विस्ट इकॉनॉमिक इंज्युरी डिझास्टर लोन. मराठीच्या माणसाने हे नाव भाषांतर करण्याच्या हेतूने वाचले, की तो पहिल्यांदा अडखळतो तो ‘डिझास्टर’पाशी. अमेरिकेचे लघुउद्योग प्रशासन पूर, वादळ, भूकंप यांत सापडलेल्या धंद्यांना आपत्तीची कर्जे देते. त्याच खात्याच्या त्याच खिडकीवर हे कर्ज मिळते. राखीव सैनिकाचे बोलावणे कायद्याच्या लेखी अशा आपत्तींच्या रांगेत बसते. फरक असा, की पुराच्या खुणा भिंतीवर राहतात, वादळाने उडालेले पत्रे मोजता येतात. इथे दुकान जसेच्या तसे उभे आहे, दिवा लागलेला आहे, फक्त एक खुर्ची रिकामी आहे. रिकाम्या खुर्चीचा पंचनामा कसा करायचा? या कर्जाचे सारे नियम हाच प्रश्न सोडवण्यासाठी रचलेले आहेत, असे आम्हाला ते वाचताना वाटले.

त्यांना थोडा पूर्वेतिहास आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने दोन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले होते. हे लोक कारखान्यांत, दवाखान्यांत, गॅरेजांत काम करणारे होते आणि त्यांतले काही स्वतःच छोट्या धंद्यांचे मालक होते. नोकरदाराचे संरक्षण करणारा एक व्यापक कायदा १९९४ साली झाला; आद्याक्षरांवरून त्याला ‘युसेरा’ म्हणतात. सैन्यातून परतलेल्याला मालकाने त्याच्या जागेवर पुन्हा घेतले पाहिजे, असे तो सांगतो. म्हणजे जाणाऱ्याची सोय झाली. पण तो ज्या जागेतून गेला तिचे काय? मोठ्या कंपनीत त्या जागी दुसरा बसतो. सहा जणांच्या छापखान्यात दुसरा नसतोच. आणि परत घ्यायचे म्हटले तरी त्याआधी दुकान तगलेले असावे लागते. ही उणीव १७ ऑगस्ट १९९९ रोजी संमत झालेल्या कायद्याने भरून काढली आणि हे कर्ज अस्तित्वात आले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००१ नंतर, त्याची गरज कुणाच्या कल्पनेत नसेल एवढी वाढली. २००८ साली अर्जाची मुदत वाढवण्यात आली : पूर्वी सैनिक सेवेतून मुक्त झाल्यावर ९० दिवसांपर्यंत अर्ज करता येई, तो आता एक वर्षापर्यंत करता येऊ लागला. कर्जाची कमाल मर्यादा २० लाख डॉलर, व्याज ४ टक्के, आणि परतफेडीची मुदत ऋणकोची ऐपत पाहून जास्तीत जास्त ३० वर्षांपर्यंत.

आकडे एवढे पुरेत. आमचे लक्ष वेधले ते व्याख्यांनी. कर्जास पात्र ठरायचे तर गेलेला माणूस ‘इसेन्शियल एम्प्लॉयी’ असला पाहिजे. याला मराठीत काय म्हणावे, यावर आम्ही दोघींनी एक संपूर्ण मधली सुट्टी घालवली. ‘आवश्यक कर्मचारी’ फिके वाटते, ‘अत्यावश्यक’ म्हटले की रुग्णवाहिका डोळ्यांसमोर येते, ‘अपरिहार्य’ म्हणजे टाळता न येणारा. नियमातला अर्थ असा : ज्याचे व्यवस्थापनाचे किंवा तांत्रिक कौशल्य धंद्याच्या रोजच्या कामकाजासाठी निर्णायक आहे, असा माणूस, मग तो मालक असो वा नोकर. शेवटी आम्हाला सापडलेला शब्द शब्दकोशातला नव्हता, घरातला होता. ज्याच्यावाचून अडते तो. ‘कुणावाचून कुणाचे अडत नाही’ असे आपण येता-जाता म्हणतो. सांत्वन करताना म्हणतो, भांडणातही म्हणतो. या कायद्याने मात्र मान्य केले आहे, की अडते. आणि किती अडते ते लिहून द्या, असे तो म्हणतो.

दुसरा शब्द ‘इंज्युरी’. मराठीत धंद्याचे नुकसान होते, तोटा होतो, पण धंद्याला इजा होत नाही. तरीही इथे ‘इजा’ हाच शब्द योग्य वाटतो, कारण नियम तोटा आणि इजा यांत काटेकोर फरक करतो. नुसती विक्री घटली, अपेक्षित नफा झाला नाही, ही इजा नव्हे. देणी ज्या तारखेला द्यायची त्या तारखेला देता येईनात, नेहमीचा आवश्यक खर्च भागेना, किंवा जो माल वा जी सेवा धंदा एरवी पुरवतो ती पुरवता येईना, तर ती इजा. कर्ज वापरायचे तेही त्यासाठीच. बुडालेला नफा त्यातून भरून काढता येत नाही, जुने दीर्घ मुदतीचे कर्ज फेडता येत नाही, दुकान वाढवता येत नाही. सैनिक परत येईपर्यंत दुकान तगवायचे, एवढाच त्याचा हेतू. आणि याहून कडक अट : ज्याला दुसरीकडे कर्ज मिळू शकते त्याला हे कर्ज नाही.

३

आमच्या विद्यार्थिनीचा पहिला खर्डा आम्ही वाचला तेव्हा आम्हाला आमचेच हसू आले, कारण त्यात आमची शिकवण उतरली होती. त्या तंत्रज्ञाचे व्यक्तिचित्र तिने फार सुरेख रेखाटले होते. सकाळी सर्वांच्या आधी येऊन तो यंत्रावरून हात कसा फिरवतो, शाईचा वास घेऊन काय ओळखतो, त्याच्या जाण्याने दुकानात कशी शांतता पसरली आहे. वर्गात आम्ही या लेखनाला उत्तम गुण दिले असते. पण पात्रतेच्या दृष्टीने त्यात काहीच नव्हते. देणी कोणती, केव्हाची, किती. कोणती कामे नाकारावी लागली. भाडे आणि पगार मिळून महिन्याला किती लागतात. यांतले एकही वाक्य नव्हते. आम्ही तिला लिहिले, की विशेषणे काढ आणि तारखा घाल. ज्या दोघींनी तिला विशेषणांची श्रीमंती समजावून सांगितली होती त्यांनीच हे लिहावे, यातली विसंगती आम्हाला कळत होती.

पण पुढे आम्हाला वेगळेच जाणवत गेले. हा अर्ज माणसाचे चित्र मागत नसला तरी नाते मात्र मागतो. त्यासोबत आदेशाची प्रत लागते, हे ठीकच. मालकाने लिहून द्यायचे, की हा माणूस धंद्यासाठी निर्णायक आहे आणि त्याची कामे अमुक अमुक आहेत. त्यानंतर त्या माणसाने स्वतः सही करून सांगायचे, की हे मला मान्य आहे. मग इजेचे स्पष्टीकरण आणि अंदाजी आकडे, आणि ती कमी करण्यासाठी धंद्याने कोणती पावले उचलली त्याचे वर्णन. आणि अखेरीस मालकाची हमी : हा माणूस सैन्यातून परत आला, की त्याला तीच किंवा तशीच नोकरी देऊ केली जाईल. कर्ज मागणाऱ्याकडून सावकार तारण मागतो, जामीन मागतो. इथे तो याशिवाय एक वचनही मागतो, आणि ते वचन सावकाराला नव्हे, तर तिसऱ्याच माणसाला द्यायचे असते.

सहीपाशी अडचण आली. तो तंत्रज्ञ सही करायला तयार होईना. त्याचे म्हणणे, सैन्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात की तू पडलास तर तुझ्या जागी दुसरा उभा राहील. आणि इथे मी लिहून द्यायचे की माझ्यावाचून दुकान चालत नाही? हे स्वतःची फुशारकी मारण्यासारखे आहे. विद्यार्थिनीने हे आम्हाला कळवले तेव्हा आम्ही बराच वेळ त्यावर बोलत राहिलो. एकाच माणसाने एका दारात कुणीही बदली चालेल असा, आणि दुसऱ्या दारात बदली नसलेला असायचे. राखीव सैनिक असण्याचा अर्थच हा असावा. दोन दिवसांनी त्याने सही केली. हिने त्याला समजावले होते, की ही सही तुझ्या मोठेपणाची नाही, आमच्या अडचणीची आहे.

कागद पुरे झाले, पण अर्ज गेलाच नाही. मालकाने त्याच सुमारास आपल्या नेहमीच्या बँकेत विचारले होते आणि तिथे त्याला कर्ज मिळाले. दुसरीकडे मिळते म्हटल्यावर इथली पात्रता संपली. निवेदन आमच्या विद्यार्थिनीच्या खणात राहिले.

त्या निवेदनातले एक कलम मात्र आमच्या मनातून गेले नाही : ‘इजा कमी करण्यासाठी उचललेली पावले’. तिथे तिने दोन ओळींत लिहिले होते, की दुकानातील हिशेब लिहिणारी कर्मचारी संध्याकाळी थांबून लहान यंत्र चालवायला शिकली असून सोपी कामे आता तिच्याकडे आहेत. ही कर्मचारी म्हणजे ती स्वतः. जाणाऱ्याचे वर्णन पहिल्या खर्ड्यात दोन पाने होते; राहणारीच्या वाट्याला दोन ओळी आल्या होत्या, त्याही तिच्याच हातच्या. आणि गंमत अशी, की तिने जितके अधिक काम उचलावे तितकी इजा कमी. इजा कमी तितकी कर्जाची गरज कमी. चांगले निभावून नेणारा माणूस आपल्याच अर्जाचे वजन घटवत असतो.

४

आता घरातली गोष्ट. आमच्यापैकी एकीच्या वडिलांची सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पिठाची गिरणी होती, आणि ते प्रादेशिक सेनेत होते. ही सेना १९४८ च्या कायद्याने निर्माण झाली. तिचेही तत्त्व तेच : माणसाने आपला उद्योग करावा, ठरलेले दिवस प्रशिक्षण घ्यावे आणि बोलावणे आले की जावे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिला बोलावणे आले. १९७१ च्या दिवाळीनंतर वडील गेले. तेव्हा लग्नाला तीन वर्षे झाली होती. मुलगी, म्हणजे आमच्यातली ही, अजून जन्मायची होती.

गिरणीचे इंजिन एका पतपेढीकडून कर्ज काढून घेतलेले होते. हप्ता थकला तेव्हा आई मुदत मागायला गेली. तिला सांगण्यात आले, की कर्ज त्यांच्या नावावर, सही त्यांची. ते आले की बघू. ते कधी येतील हे त्या महिन्यात दिल्लीलाही ठाऊक नव्हते. आईने पाटल्या गहाण टाकल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण ती आजही सांगते, पण हसत सांगते.

पाटल्यांनी एक हप्ता गेला. पुढच्या हप्त्यासाठी गिरणी चालायला हवी होती. हँडल मारून इंजिन सुरू करणे तिने दिराकडून शिकून घेतले. पट्टा चढवणे, दळणांचे डबे ओळीने लावणे, जोंधळ्यावर गहू टाकायचा नाही, हे तर बघून माहीतच होते. अडत होते ते एका ठिकाणी. गिरणीच्या दगडांना ठराविक दिवसांनी टाकी लावावी लागते. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडे आणि गरम येते. हे काम वडील स्वतः करत, आणि ते दुसऱ्या कुणाला येत नव्हते. अमेरिकेच्या नियमातले ‘निर्णायक तांत्रिक कौशल्य’ म्हणतात ते हेच. आईने छिन्नी-हातोडी घेतली. पहिल्या वेळी दगड बिघडवला आणि आठवडाभर गिऱ्हाईकांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या वेळी जमले. “गिरणी बंद दिसली की गिऱ्हाईक दुसरीकडं वळतंय, आणि वळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही,” एवढाच तिचा युक्तिवाद होता.

वडील १९७२ च्या उन्हाळ्यात परतले. त्या वर्षी पाऊस झाला नाही आणि महाराष्ट्रात दुष्काळ पडला. दळणे कमी झाली, रेशनवर आलेला मिलो दळला जाऊ लागला. विक्रीतली घट म्हणजे इजा नव्हे, हे आम्ही वर सांगितलेच आहे. तेव्हा तसे सांगणाराही कुणी नव्हता.

प्रादेशिक सेनेच्या कायद्यात एक ७-अ कलम आहे. सेवेसाठी गेलेल्या माणसाला मालकाने परत कामावर घ्यावे, असे ते सांगते. न्याय्य कलम आहे. पण वडिलांचे मालक वडीलच. त्यांना कामावर परत कुणी घ्यायचे? ज्याची नोकरी आहे त्याची जागा कायदा राखतो. ज्याची गिरणी आहे त्याची जागा घरातल्याच कुणीतरी राखावी लागते.

आम्ही सभासदाची बखर शिकवतो. दसऱ्याला फौजांनी बाहेर पडावे आणि पावसाळ्यात छावणीस परतावे, हा त्यातला शिरस्ता विद्यार्थ्यांना शिस्तीचा नमुना म्हणून सांगतो. त्याच बखरीत नव्या रयतेला गुरे, बियाणे आणि खायला दाणा-पैका द्यावा, आणि तो ऐवज दोन-चार वर्षांनी, ऐपत पाहून वसूल करावा, असेही आहे. ही मदत सैनिकासाठी नव्हती, हे खरे. या दोन तरतुदींना ओढूनताणून एकत्र आणायचे आम्हाला कारण नाही. पण परतफेड ऐपतीप्रमाणे, हे तत्त्व अमेरिकेच्या त्या कर्जात वाचले तेव्हा ते आम्हाला परके वाटले नाही, एवढेच.

त्या कर्जाबद्दल आमचे मत अजूनही पुरते बनलेले नाही. एका बाजूने पाहता ते समजूतदार आहे. माणूस निघून गेल्याने जागा दुखावते, हे त्याने ओळखले. दुसऱ्या बाजूने, सरकारने माणूस न्यायचा आणि त्याच्या नसण्याची भरपाई सव्याज परत करण्याच्या बोलीवर द्यायची, यात काहीतरी खटकते. ते अनुदान नव्हे, ऋणच आहे. तरी १९७२ च्या त्या गिरणीला हे नियम लावून पाहिले, तर ती सर्व कसोट्यांना उतरते : मालकच निर्णायक माणूस, देणी तारखेला देता येत नव्हती, आणि दुसरीकडे कर्ज मिळत नव्हते. पाटल्या गहाण राहिल्या नसत्या. पण अर्जात आईचे नाव कुठे आले असते? ‘उचललेली पावले’ या कलमात, दोन ओळींत.

व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही अर्जलेखन आणि निवेदन शिकवतो. गेल्या वर्षी हा नमुना वर्गात घेतला, आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एखाद्या छोट्या धंद्याविषयी असे निवेदन लिहावे असे सांगितले. ज्याच्यावाचून अडते त्याचे वर्णन सर्वांनी उत्साहाने लिहिले. तो नसताना कोण काय करील, हे कलम निम्म्याहून अधिक जणांनी कोरे सोडले. आम्ही त्यांना रागे भरलो नाही. आमच्या आवडत्या विद्यार्थिनीचाही पहिला खर्डा तसाच होता.

हे सारे आम्ही यंदा आईंना सांगितले. त्यांचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. वडील नाहीत, गिरणीही विजेवर चालते आणि पुतण्याकडे आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग दिलं का त्या पोरीला कर्ज?” आम्ही म्हटले, अर्ज केलाच नाही, मालकाला दुसरीकडे मिळाले. त्यावर त्यांनी विचारले, तो सैन्यातला माणूस परत आला का. आला, म्हटले, दहा महिन्यांनी. आणि त्याच यंत्रावर उभा राहिला. “आणि ती?” ती पुन्हा हिशेबाच्या टेबलाशी गेली. अधूनमधून लहान यंत्र चालवते.

“टाकी लावायला मी नंतर पुष्कळ वर्षं जात होते,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा हात माझ्यापेक्षा जड होता.” ही गोष्ट त्यांच्या मुलीने पहिल्यांदाच ऐकली.